ओसीटी आणि फील्ड एकमेकांशी कसे ताडून पाहावेत: काचबिंदूच्या विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

काचबिंदूच्या तपासणी विभागात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा ओसीटी (डोळ्यामागच्या पडद्याच्या थरांचे प्रकाशाने घेतलेले छेदचित्र) कसा काढायचा आणि दृष्टिक्षेत्र तपासणी, म्हणजे ज्याला सगळे नुसते 'फील्ड' म्हणतात ती, कशी करून घ्यायची हे मला येत होते. दोन्ही कागद वेगवेगळे वाचताही येत होते. अडचण यायची ती दोन्ही शेजारी ठेवल्यावर. एकावर लाल पट्टा आणि दुसरा स्वच्छ, किंवा एक पूर्ण हिरवा आणि दुसऱ्यावर काळे ठिपके, अशा वेळी कोणाचे खरे मानायचे हे कळत नसे, आणि ज्या कागदाचा रंग भडक त्याच्याकडे मन झुकत असे. ही सवय मोडायला मला बराच काळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून, मी आज स्वतः पाळते तो क्रम येथे लिहीत आहे. ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी, तंत्रज्ञ आणि नेत्रविभागात नुकतेच शिकायला आलेले डॉक्टर डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. निदान आणि उपचार यांचा निर्णय नेत्रतज्ज्ञांचाच असतो. मात्र त्यांच्यापुढे जाणारे कागद विश्वास ठेवण्याजोगे आहेत की नाहीत, हे पाहण्याचे काम आपले आहे.

क्रमाकडे वळण्यापूर्वी दोन्ही तपासण्या नेमके काय मोजतात ते समजून घ्या. दृष्टिपटलातील, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्यातील, गँग्लियन पेशींचे साधारण दहा लाख तंतू एकत्र येऊन ऑप्टिक नर्व्ह बनते. काचबिंदूत या पेशी आणि त्यांचे तंतू नष्ट होतात. ओसीटी तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतो; फील्ड त्याच पेशींना अंधुक प्रकाश किती जाणवतो ते डेसिबेलमध्ये मोजते. मायक्रॉन हे सरळ माप आहे आणि डेसिबेल हे लॉगरिदमिक माप आहे. प्रकाशाची जाणीव निम्म्यावर आली तरी फील्डमध्ये केवळ ३ डेसिबेल कमी दिसतात. त्यात फील्डचे उत्तर माणसाच्या हातातील बटणावर अवलंबून असल्याने तेवढा चढउतार तर निरोगी डोळ्यातही होतो. म्हणून आजाराच्या सुरुवातीला बहुधा ओसीटी आधी बोलतो आणि आजार पुढे गेल्यावर फील्ड अधिक बोलू लागते. क्विग्ली आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मृत्यूपश्चात मिळालेल्या डोळ्यांतील पेशी मोजल्या, तेव्हा फील्डमध्ये ५ डेसिबेलची घट असलेल्या जागी सुमारे २० टक्के आणि १० डेसिबेलची घट असलेल्या जागी सुमारे ४० टक्के पेशी आधीच गेलेल्या आढळल्या.

तरीही 'आधी ओसीटी, मग फील्ड' हा नियम सरसकट लावू नका. वाढलेला नेत्रदाब असलेल्या १,६३६ जणांचा पाठपुरावा करणाऱ्या ओएचटीएस या अमेरिकेतील अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना पुढे काचबिंदू झाला त्यांच्यापैकी निम्म्याहून थोड्या अधिक जणांत बदल प्रथम डिस्कवर, म्हणजे ऑप्टिक नर्व्हच्या डोळ्यात दिसणाऱ्या टोकावर, दिसला, पण सुमारे एक तृतीयांश जणांत तो प्रथम फील्डमध्ये दिसला. त्या अभ्यासात डिस्कची पाहणी छायाचित्रांवरून झाली होती, ओसीटीवरून नव्हे, हे खरे. तरी दोन्हींपैकी एक तपासणी सोडून चालत नाही एवढे त्यातून स्पष्ट होते.

हाताशी काय हवे

- रुग्णाचे वय, चष्म्याचा नंबर आणि चष्म्यासह दृष्टी
- नेत्रदाबाच्या नोंदी, शक्य असल्यास वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या, आणि कॉर्नियाची जाडी
- गोनिओस्कोपीची नोंद, म्हणजे डोळ्याचा कोन उघडा आहे की बंद
- डिस्कचे छायाचित्र, किंवा निदान हाताने काढलेली आकृती
- ओसीटीचे दोन अहवाल: डिस्कभोवतीच्या तंतूंच्या थराचा, म्हणजे आरएनएफएलचा, आणि मॅक्युलातील (दृष्टिपटलाच्या मध्यभागातील) गँग्लियन पेशींच्या थराचा
- दोन्ही डोळ्यांचे २४-२ फील्ड (मध्यापासून सुमारे २४ अंशांपर्यंतचे), गरजेप्रमाणे १०-२ (मध्यापासून १० अंशांपर्यंतचे)
- यापूर्वीचे सर्व अहवाल, ते दुसऱ्या यंत्रावरचे असले तरी
- मोतीबिंदू, लेझर, डोक्याला मार, पक्षाघात, चालू औषधे यांची माहिती

१. आधी डिस्क स्वतः पाहा

स्लिट लॅम्पवर ७८ किंवा ९० डायॉप्टरची लेन्स धरून डिस्क पाहिल्याशिवाय अहवाल उघडू नका. डिस्कच्या कडेवरचा बारीकसा रक्तस्राव हे काचबिंदूचे फार मोलाचे लक्षण आहे, आणि ओसीटीच्या जाडीच्या नकाशात तो दिसत नाही. डिस्क फिकट झाली आहे का, हेही ओसीटी सांगत नाही. डिस्कचा आकार मोठा असेल तर मोठा कप, म्हणजे डिस्कच्या मधला खळगा, नैसर्गिक असू शकतो. लहान डिस्कमध्ये मात्र लहानसा कपसुद्धा संशयास्पद असू शकतो. रिमला, म्हणजे खळग्याभोवतीच्या कडेला, कुठे खाच आहे का, हे घड्याळाच्या तासात लिहून ठेवा. ही नोंद पुढे सहाव्या पायरीवर लागणार आहे.

२. फील्ड सुरू करण्यापूर्वी रुग्णाशी नीट बोला

संपूर्ण प्रक्रियेत सर्वांत जास्त नुकसान या पायरीवर होते, आणि ते टाळायला दोन मिनिटे पुरतात. यंत्र प्रत्येक बिंदूवर रुग्णाला जेमतेम दिसेल इतका अंधुक प्रकाश शोधत असते. त्यामुळे निरोगी माणसालाही बरेच प्रकाश दिसतच नाहीत. हे आधी सांगितले नाही, तर रुग्णाला वाटते की आपण परीक्षेत नापास होत आहोत, आणि मग तो अंदाजाने बटण दाबू लागतो. माझ्यासमोर एक आजी बसल्या होत्या. तपासणी सुरू झाल्यावर त्यांचा अंगठा ठराविक तालात पडू लागला, समोर प्रकाश असो वा नसो. मी यंत्र थांबवून विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, काहीच दाबलं नाही तर तू म्हणशील, हिला काहीच दिसत नाही." मी त्यांना काय समजावून सांगायला हवे होते ते मी सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हीच वाक्ये सांगते: "समोरच्या मधल्या दिव्याकडेच पाहत राहा. बाजूला कुठेही उजेड चमकल्यासारखा वाटला, अगदी पुसट असला तरी, की बटण दाबा. निम्म्या वेळा काहीच दिसणार नाही, आणि ते ठीक आहे. डोळ्यांची उघडझाप करावीशी वाटली तर बटण दाबताना करा. थकलात तर बटण दाबून धरा, यंत्र थांबेल." शेवटच्या वाक्यातली सोय आपल्या यंत्रात आहे ना, हे आधी पाहून घ्या.

याखेरीज चार गोष्टी तपासा. एक, रुग्णाची जन्मतारीख बरोबर भरली आहे का; चुकीचे वय म्हणजे चुकीची तुलना. दोन, ट्रायल लेन्स त्या डोळ्याच्या नंबराची आणि वयानुसार जवळच्या नंबराची भर घातलेली आहे का, आणि ती डोळ्याच्या पुरेशी जवळ आहे का. लांब राहिली तर लेन्सच्या कडेची सावली फील्डच्या काठावर काळ्या कड्यासारखी उमटते. तीन, वरची पापणी बाहुलीवर उतरत असेल तर तिला टेपने हलकेच वर धरा. चार, बाहुलीचा आकार लिहा. ती ३ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर सगळेच फील्ड खालावल्यासारखे दिसू शकते.

३. फील्ड विश्वास ठेवण्याजोगे आहे का ते ठरवा

कागदाच्या वरच्या कोपऱ्यातील आकड्यांपैकी सर्वाधिक लक्ष 'फॉल्स पॉझिटिव्ह'कडे द्या. हम्फ्री या फील्ड यंत्राच्या सीता या तपासणी पद्धतीत हा आकडा १५ टक्क्यांच्या पुढे गेला, तर ते फील्ड निदानासाठी वापरू नये, कारण असा रुग्ण न दिसलेल्या प्रकाशालाही दाद देत असतो आणि खरे डाग झाकले जातात. करड्या नकाशावर अस्वाभाविक पांढरे पट्टे दिसले तर हाच संशय घ्या.

फिक्सेशन लॉसबाबत मात्र थोडे सबुरीने घ्या. यंत्र अंधबिंदूवर प्रकाश टाकून नजर स्थिर आहे का ते पाहते. सुरुवातीला अंधबिंदूची जागाच चुकीची ठरली असेल तर नजर स्थिर असलेल्या रुग्णाचाही आकडा २० टक्क्यांच्या वर जातो. अशा वेळी खालचा नजरेचा आलेख पाहा. फॉल्स निगेटिव्ह, म्हणजे दिसायला हवा अशा प्रकाशालाही दाद न देणे, वाढलेला असेल तर तो थकवा असू शकतो, पण पुढे गेलेल्या काचबिंदूत तो आजारामुळेही वाढतो. केवळ त्या आकड्यावरून रुग्णाला बेजबाबदार ठरवू नका.

पहिलेच फील्ड असेल तर त्यावरून काहीही ठरवू नका. ओएचटीएसमध्ये प्रथमच बिघडलेली आलेली, तांत्रिकदृष्ट्या विश्वासार्ह असलेली फील्ड पुन्हा केली, तेव्हा त्यांतील सुमारे ८६ टक्के फील्डमध्ये तो बिघाड पुन्हा आढळला नाही.

४. ओसीटीचे रंग झाकून मूळ चित्र पाहा

हिरवा, पिवळा, लाल हे रंग सर्वांत शेवटी. आधी सिग्नलचा आकडा पाहा. सिरस या ओसीटी यंत्रावर तो १० पैकी किमान ६ असावा. मग डिस्कभोवतीचे सुमारे साडेतीन मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ डिस्कच्या मध्याशी बसले आहे का ते पाहा. वर्तुळ एका बाजूला सरकले, तर डिस्कच्या जवळ आलेल्या बाजूचा थर जाड आणि लांब गेलेल्या बाजूचा पातळ मोजला जातो. त्यानंतर उभ्या छेदाचे चित्र मोठे करून थराच्या वरच्या-खालच्या रेषा खऱ्या थरावरून जातात का ते डोळ्यांनी तपासा. रेषा कुठे खाली कोसळली असेल, चित्रात पापणी मिटल्याची काळी पट्टी असेल, काचद्रवातील तरंगत्या ठिपक्याची सावली पडली असेल किंवा पडद्यावर एपिरेटिनल मेम्ब्रेन हा पातळ पापुद्रा असेल, तर त्या जागेचा आकडा निरर्थक असतो, मग रंग कोणताही असो.

आता रंगांचा अर्थ. यंत्राकडे निरोगी प्रौढ व्यक्तींच्या मापांचा एक संच असतो. पिवळा म्हणजे त्या संचातील सर्वांत पातळ ५ टक्के आणि लाल म्हणजे सर्वांत पातळ १ टक्का. याचाच अर्थ, निरोगी माणसांतही काहींचा कागद रंगीत येणारच. आणि बारा तासांचे बारा कप्पे तपासले, तर त्यातला एखादा पिवळा निघणे नवलाचे नाही.

मोठा मायनस नंबर असलेल्या डोळ्यात हा धोका सर्वाधिक असतो. अशा डोळ्यात तंतूंच्या वरच्या आणि खालच्या जाड पट्ट्या कानाच्या बाजूला सरकलेल्या असतात. यंत्र त्या नेहमीच्या जागी शोधते, तिथे सापडत नाहीत म्हणून लाल रंग देते, आणि शेजारीच थर अपेक्षेपेक्षा जाड दाखवते. आलेखात दोन्ही उंचवटे शाबूत आहेत, फक्त सरकले आहेत, असे दिसले तर तो आजार मानण्याची घाई करू नका. याच्या उलट बाजूचा धोका मला अधिक घातक वाटतो: सरासरी जाडी हिरवी असते आणि एका तासापुरती खोल खाच त्या सरासरीत बुडून जाते. म्हणून सरासरीच्या आकड्यापाशी कधीही थांबू नका.

५. फील्डचा कागद वाचा

करडा नकाशा रुग्णाला समजावून सांगायला चांगला आहे, निदानाला नाही. आधी टोटल डेव्हिएशन पाहा, जे त्या वयाच्या निरोगी व्यक्तींशी तुलना करते. मग पॅटर्न डेव्हिएशन, जे सर्वत्र सारखी झालेली घट वजा करून स्थानिक डाग उघडे पाडते. पहिल्यात सगळीकडे ठिपके आणि दुसऱ्यात जवळजवळ काहीच नाही, तर बहुधा मोतीबिंदू, लहान बाहुली किंवा चुकीची लेन्स यांपैकी काहीतरी आहे.

२४-२ फील्डमध्ये एकमेकांपासून ६ अंशांवर ५४ बिंदू असतात. काचबिंदूचा संशय घेण्यासाठी सर्वमान्य कसोटी अशी आहे: पॅटर्न डेव्हिएशनमध्ये काठावरचे नसलेले, एकमेकांना लागून असलेले, मध्यरेषेच्या एकाच बाजूचे किमान तीन बिंदू ५ टक्क्यांच्या पातळीवर खालावलेले असावेत आणि त्यांपैकी किमान एक १ टक्क्याच्या पातळीवर असावा, किंवा पीएसडीचा, म्हणजे फील्डमधील असमानता मोजणारा, आकडा ५ टक्क्यांच्या पातळीवर बिघडलेला असावा, किंवा जीएचटी या वर-खालच्या भागांची तुलना करणाऱ्या चाचणीचा निकाल 'सामान्य मर्यादेबाहेर' असावा. हे सलग दोन फील्डमध्ये आढळले पाहिजे.

६. कागद उलटा करा आणि जागा जुळवा

आता मुख्य काम. डोळ्यातील प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे दृष्टिपटलाचा खालचा भाग वरचे फील्ड पाहतो आणि वरचा भाग खालचे. नवे विद्यार्थी डाव्या-उजव्याचा विचार करताना हमखास गोंधळतात. त्यासाठी एक सोपी गोष्ट लक्षात ठेवा: उजव्या डोळ्याच्या फील्डमध्ये अंधबिंदू उजवीकडे असतो, आणि उजव्या डोळ्याच्या छायाचित्रातही डिस्क मॅक्युलाच्या उजवीकडेच दिसते. म्हणजे हे दोन कागद ताडताना डावे-उजवे बदलावे लागत नाही, केवळ वर-खाली उलटवावे लागते. मी सुरुवातीला फील्डचा कागद खरोखरच आडव्या रेषेवर उलटा करून, पाठीमागून खिडकीच्या उजेडात धरून ओसीटीच्या नकाशाशेजारी पाहत असे. लाज न बाळगता तुम्हीही पहिले काही दिवस तसे करा.

कानाच्या बाजूच्या दृष्टिपटलातील तंतू मॅक्युलाला वळसा घालून डिस्कच्या वरच्या आणि खालच्या टोकाला पोहोचतात. वरचे आणि खालचे तंतू आडवी मध्यरेषा ओलांडत नाहीत. म्हणून काचबिंदूतील डाग धनुष्याकृती असतो, आणि नाकाच्या बाजूला आडव्या रेषेवर पायरीसारखा तुटतो. उजव्या डोळ्यात ७ वाजताच्या आणि डाव्या डोळ्यात ५ वाजताच्या जागी तंतू पातळ असतील, तर वरच्या फील्डमध्ये असा धनुष्याकृती डाग किंवा नाकाच्या बाजूची पायरी अपेक्षित आहे. उजव्या डोळ्यात ११ आणि डाव्यात १ वाजता पातळपणा असेल, तर डाग खालच्या फील्डमध्ये शोधा. डिस्कच्या कुठल्या भागातून कुठले फील्ड येते याचा नकाशा गार्वे-हीथ आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. तो छापून टेबलाशेजारी लावून ठेवा.

जुळणी किती भक्कम आहे, हेही पाहावे लागते. ओसीटीवर सगळीकडे थोडा पातळपणा आणि फील्डवर सगळीकडे थोडी घट ही फार कच्ची जुळणी आहे, कारण एकटा मोतीबिंदू ओसीटीचा सिग्नल खाली आणून थर पातळ दाखवतो आणि फील्डही खालावतो. दोन्ही कागद एकाच कारणाने फसलेले असतात. उतरलेली पापणीही असाच धोका निर्माण करते: तिच्यामुळे वरच्या फील्डच्या काठावर डाग येतो, त्याच डोळ्यात मायनस नंबरामुळे खालच्या बाजूला लाल रंग असतो, आणि दोन निरुपद्रवी गोष्टी मिळून काचबिंदूसारख्या दिसतात. याउलट अरुंद, ठळक, एका तासापुरती खाच आणि तिच्याशी नेमका जुळणारा लहानसा डाग, तोही दोनदा आलेला, ही मी पाहिलेली सर्वांत विश्वासार्ह जुळणी आहे. डिस्कवर पहिल्या पायरीत लिहून ठेवलेली खाचही त्याच तासावर असेल, तर शंकेला फारशी जागा उरत नाही.

७. कागद जुळत नाहीत तेव्हा काय करायचे

येथे घाईने एका कागदाला खोटे ठरवणे हीच सर्वांत मोठी चूक असते.

ओसीटी बिघडलेला आणि फील्ड चांगले, अशी स्थिती असेल तर आधी चौथी पायरी पुन्हा करा. चित्र निर्दोष असेल आणि पातळपणा धनुष्याकृती असेल, तर ती फील्डमध्ये अजून न उतरलेली सुरुवात असू शकते. मग लगेच १०-२ फील्ड करून घ्या. २४-२ मध्ये मध्यबिंदूपासून १० अंशांच्या आत केवळ १२ बिंदू येतात. १०-२ मध्ये तेवढ्याच जागेत, २ अंशांच्या अंतराने, ६८ बिंदू असतात. गँग्लियन पेशींची दाटी मॅक्युलात सर्वाधिक असते, आणि २४-२ ची जाळी नेमकी तिथेच विरळ आहे.

एका पन्नाशीच्या गृहस्थांचे कागद मला आजही जसेच्या तसे आठवतात. डावा डोळा, आरएनएफएलची सरासरी हिरवी, फक्त ५ वाजताचा कप्पा लाल. गँग्लियन पेशींच्या नकाशावर मॅक्युलाच्या खाली एक बारीक कमान, जी कानाच्या बाजूला आडव्या रेषेपाशी सुरीने कापल्यासारखी थांबली होती. २४-२ फील्डमध्ये मध्यबिंदूच्या लगेच वरचा एकच बिंदू काळा, आणि जीएचटी सामान्य. एकच बिंदू म्हणून मी तो सोडून देणार होते. पण ते सहज म्हणाले होते की वाचताना वरच्या ओळीतली अक्षरे मध्येच गळतात. १०-२ केले, तर मध्यबिंदूच्या अगदी जवळून जाणारी, वरच्या भागातील कमान स्पष्ट उमटली, आणि पुढच्या वेळीही तशीच आली. रुग्णाचे वाक्य, एक लाल कप्पा आणि एक काळा बिंदू, तिन्ही एकाच जागेकडे बोट दाखवत होते.

फील्ड बिघडलेले आणि ओसीटी चांगला, अशी उलट स्थिती असेल तर आधी फील्ड पुन्हा करा. तरीही डाग तसाच राहिला, तर बाहुली मोठी करून संपूर्ण पडदा तपासायला सांगा. जुना शिरेचा अडथळा, लेझरचे व्रण, मॅक्युलाचा आजार यांमुळेही फील्डमध्ये डाग येतो. काही रुग्णांचा तंतूंचा थर मुळातच जाड असतो. त्यात बरीच घट होऊनही रंग हिरवाच राहतो, म्हणून जुना ओसीटी मिळवून आकड्यांची तुलना करा आणि दुसऱ्या डोळ्याशीही ताडून पाहा.

८. रेषा उभी असेल तर लगेच कळवा

काचबिंदूचा डाग आडव्या मध्यरेषेचा मान राखतो. डाग उभ्या मध्यरेषेवर थांबत असेल, तर कारण डोळ्याच्या मागे, मेंदूच्या दिशेने असण्याची शक्यता आहे. म्हणून दोन्ही डोळ्यांची फील्ड नेहमी शेजारी ठेवा, डाव्याचे डावीकडे आणि उजव्याचे उजवीकडे. दोन्हीत कानाच्या बाजूचा अर्धा भाग गेला असेल, तर पिट्युटरी ग्रंथीजवळच्या दाबाचा विचार करावा लागतो, आणि अशा वेळी गँग्लियन पेशींच्या नकाशावर दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूचा अर्धा भाग पातळ दिसू शकतो. दोन्हीत एकाच बाजूचा, म्हणजे उजवा-उजवा किंवा डावा-डावा भाग गेला असेल, तर कारण आणखी मागे असते. पक्षाघात हे त्यातले नेहमीचे. कपापेक्षा फिकटपणा जास्त, कमी वय, रंग नीट न ओळखता येणे, दृष्टी वेगाने खालावणे, यांपैकी काहीही आढळले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना सांगा.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे संधिवातासारख्या आजारांवरचे औषध घेणाऱ्या रुग्णांतही हीच जोडी, ओसीटी आणि १०-२ फील्ड, वापरली जाते. मात्र आशियाई वंशाच्या रुग्णांत त्या औषधाची इजा अनेकदा मॅक्युलाच्या मध्यापासून दूर सुरू होते, म्हणून त्यांच्यात २४-२ किंवा ३०-२ फील्डही करावे.

९. पुढच्या भेटींसाठी पाया भक्कम ठेवा

निदान झाल्यावर दोन चांगली फील्ड आणि एक निर्दोष ओसीटी आधाररेषा म्हणून निश्चित करा, आणि पुढे शक्यतो तेच यंत्र, तीच पद्धत वापरा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या ओसीटी यंत्रांचे मायक्रॉन परस्परांशी ताडता येत नाहीत. सरासरी जाडीत ४-५ मायक्रॉनचा फरक दोन मापांत नुसताच पडू शकतो, तेव्हा एका भेटीतील एवढ्या घटीवरून रुग्णाला घाबरवू नका. घट त्याच जागी पुन्हा दिसते का ते पाहा. आजार किती वेगाने पुढे जातो हे पहिल्या दोन वर्षांत कळावे, यासाठी त्या काळात एकूण सहा फील्ड करण्याची शिफारस तज्ज्ञ करतात. रुग्णांना हे जड वाटते. त्यामागचे कारण त्यांना सांगितले तर बहुतेक जण येतात.

आजार बराच पुढे गेल्यावर ओसीटीचा उपयोग ओसरतो. सगळे तंतू गेले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या उरतात, त्यामुळे सरासरी जाडी साधारण ५० ते ५५ मायक्रॉनच्या खाली फारशी जात नाही. या तळाशी पोहोचलेल्या डोळ्यात 'ओसीटीत बदल नाही' याचा अर्थ आजार थांबला असा अजिबात नसतो. तिथे १०-२ फील्डवर भिस्त ठेवावी लागते.

१०. नोंद कशी लिहायची

'ओसीटी लाल, फील्ड खराब' अशी नोंद कोणाच्याही उपयोगाची नाही. प्रत्येक डोळ्यासाठी चार गोष्टी याच क्रमाने लिहा: दर्जा, जागा, जुळणी, पुढचे पाऊल. वरच्या गृहस्थांची माझी नोंद अशी होती: "डावा डोळा. ओसीटी सिग्नल ८, थराच्या रेषा योग्य. फॉल्स पॉझिटिव्ह २ टक्के. ५ वाजता आरएनएफएल पातळ, मॅक्युलाच्या खाली कमान. १०-२ मध्ये वरच्या भागात मध्यबिंदूजवळ धनुष्याकृती डाग, दोनदा आढळला. जागा जुळते. डिस्कवर ५ वाजता खाच, रक्तस्राव नाही. उजवा डोळा दोन्ही तपासण्यांत सामान्य. आजच नेत्रतज्ज्ञांकडे."